फोटोग्राफीच्या चार फोडी

सकाळी लेकीच्या डब्यासाठी संत्रं सोललं, आणि सालीच्या वासासरशी मी शेंदूरजनाघाटला पोचले, नसीम आपांच्या ओट्यावर. आपा आम्हाला शाळेत इंग्रजी शिकवायच्या. अमरावतीच्या भाषणस्पर्धेत मला फोटोग्राफीवर बोलायचं होतं, आणि ग्रीकमधून इंग्रजीत आलेला तो लांबलचक शब्दच माझ्या घशात अडकत होता.

"काहून भेऊन राहिली? अख्खा गिळू नको त्याले, सोल!" म्हणत आपांनी ताटलीत संत्र्याच्या चार फोडी मांडल्या. फ, टॉ, ग्र, फी. "जोर 'टॉ'वर द्यायचा. जिच्यावर जोर, तेच फोड खायची."

मग काय, टॉ म्हणायचं आणि खायचं! हनुवटीवरून रस ओघळत होता, बोटं चिकट झाली होती, आणि शब्द हळूहळू गोड होत चालला होता.

स्पर्धेत टॉ आला आणि माझा हात आपोआप तोंडाकडे गेला. सगळे हसले. मी कावरीबावरी होऊन आपांकडे पाहिलं, तर पहिल्या रांगेत बसून त्यांनी खरीखुरी फोड तोंडात टाकलेली! मलाही हसू फुटलं, आणि पुढचं भाषण मी हसतच ठोकलं.

बक्षीस मिळालं नाही. पण टॉ म्हटलं की अजून तोंडाला पाणी सुटतं.