किसनमामाचे कायमचे शब्द

किसनमामा गेले तेव्हा मी तिसरीच्या वर्गात वजाबाकी शिकवत होते. फोन मामीचा होता. एरवी मामी आधी दहा मिनिटं पाऊसपाण्याचं बोलते, त्या दिवशी एवढंच म्हणाली, "संगू, तुझे मामा गेले गं. चहा पिऊन खुर्चीत बसले होते." वर्ग शेजारच्या बाईंच्या हवाली केला आणि शाळेच्या गावाहून, डोंगरकड्याहून, मामांच्या आखाडा बाळापूरची गाडी धरली. रस्ताभर रडू आलं नाही, नुसता राग येत होता, आणि तो माझा माझ्यावरच होता. आज दीड महिना झाला, अजून उतरलेला नाही.

मामा भांड्यांवर नावं टाकायचे. बाळापूरच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर त्यांचं टेबल होतं. हातात पेनाएवढं विजेचं मशीन, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि दिवसभर ती घर्रर्र. लग्नसराईत मान वर करायला सवड नसायची. नवरा-नवरीचं नाव, गाव, तारीख, इतकं तर कोणीही टाकून देतो. मामा मात्र त्याखाली आपल्या हौसेनं एक शब्द कोरायचे, आणि तो कायम टिकणाऱ्या गोष्टीचाच असायचा. कोणत्या भांड्याला कोणता शब्द याचा त्यांचा पक्का हिशोब होता. धान्याच्या डब्याला 'अक्षय'. दिव्याला 'अखंड'. घागरीला 'बारमाही', कारण विहिरीला पाणी कसं असावं, तर बारमाही. तिपाईला 'अढळ'. पाहुण्यांपुढं जाणाऱ्या पेल्यांना 'सदाबहार'. पलीकडच्या गल्लीतले एक चाचा लेकीच्या लग्नाचं पानदान घेऊन आले, तर त्यावर मामांनी 'हमेशा' लिहिलं. चाचा इतके खूश झाले की गळ्यातच पडले. आम्ही बौद्ध. विहारातले भंतेजी एकदा हसत म्हणाले, "किसनराव, सगळं अनित्य आहे म्हणून मी रोज सांगतो आणि तुम्ही हे काय लिहून राहिले?" मामा हात जोडून म्हणाले, "तुमचं बराबर आहे भंतेजी, पण स्टीलला हे कोण समजावून सांगल?"

माझ्या लग्नात मामांनी आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. एकूण एक भांड्यावर शब्द, आणि एकही दोनदा नाही. साध्या चमच्यांच्या डब्यावरसुद्धा 'चिरकाल' होतं. औंढ्याकडच्या माझ्या सासरी बायका रुखवत बघायला आल्या त्या भांडी सोडून वाचतच बसल्या. मी नवी नवरी, मान खाली. पण आतून अशी फुगले होते की विचारू नका.

तीन वर्षांत नवऱ्यानं दुसरं घर केलं. दीड वर्षांची पोरगी कडेवर घेऊन मी माहेरी आले, आणि चार दिवसांनी मागोमाग टेम्पोतून भांडी आली. अंगणात उतरवत होते. भावकीतली आठ-दहा माणसं उभी होती, मामाही धावत आले होते. टेम्पोवाल्यानं डबा माझ्या पायाशी ठेवला. त्यावर माझं नाव, त्याचं नाव आणि खाली 'अक्षय'. माझं डोकंच फिरलं. एकेक भांडं उचलून मी मोठ्यानं वाचायला लागले. "अखंड! अढळ! बारमाही! वाचा मामा, तुमीच वाचा. आग लागो तुमच्या शब्दांना. तुमच्या हातानंच माझं वाटोळं झालं." सगळ्यांसमोर. आई माझं तोंड दाबायला धावली. मामा "व्हय बाई, व्हय" म्हणत ती भांडी गोळा करून घरात नेऊन ठेवत राहिले... दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आले, भिंतीला टेकून बसले आणि प्रत्येक भांड्यावर नवऱ्याच्या नावावरून एक वेल काढला. बारीक पानं, मधे फूल. नाव दिसेनासं झालं. मग खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "शब्द झाकू का?" मी पोरीला उचलून आत गेले. शब्द तसेच राहिले.

पुढं डी.एड.चा फॉर्म मामांनीच आणला. मी कॉलेजला जायचे तेव्हा पोरगी त्यांच्या ओट्यावर भांड्यांत खेळायची. नोकरी लागली त्या दिवशी पेढे घेऊन सगळ्यात आधी तेच आले. त्या टेम्पोच्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही, ना त्यांनी काढला, ना मी. हळूहळू दुसऱ्यांच्या घरी जेवायला बसले की मामांच्या हातचं नाव असलेलं ताट पालथं करून बघायची मला सवय लागली. नाव, गाव, तारीख. खाली कोरी जागा. वर्षानुवर्षं कोरी. कळत होतं मला, ही माझीच करणी आहे. रोज वर्गात पोरांना कान धरून "चुकलं म्हण" सांगणारी मी बाई. मला मात्र ते दोन शब्द जमले नाहीत. लाज वाटायची, आणि लाज झाकायला रागाचा आव आणायचे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पोरीचं लग्न ठरलं. भांडी घेऊन मीच ओट्यावर गेले. मामांचा हात थरथरायला लागला होता, तरी म्हणाले, "दुसऱ्या कुणाला द्यायची न्हाईत, मी टाकतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाव, गाव, तारीख. बराबर?" तेवढंच म्हणायचं होतं, मामा, पूर्वीसारखं लिहा की. अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "बराबर."

मामांच्या पुण्यानुमोदनासाठी विहाराला अकरा पेले दान द्यायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, आता कॉम्प्युटरवर छान निघतं. मामीनं ऐकलं नाही. पेटीतून मशीन काढून माझ्यापुढं ठेवलं. "तुझं अक्षर चांगलं आहे, तू टाक." आणि मग, एवढ्या वर्षांनी, म्हणाली, "मी लई म्हणायचे त्यांना, लिहा, लोक मागून राहिले. तर म्हणायचे, माझ्या लेकराच्या घरी जे टिकलं न्हाई, ते लोकांच्या घरी काहून लिहू?"

मी तिथं पोटभर रडले.

मग बसले. मशीन हातात ठरत नव्हतं, पहिल्या पेल्यावर मामांचं नाव पार वाकडं आलं. प्रत्येकावर आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात ते 'कालकथित', मग नाव, आणि खाली त्यांचा एकेक शब्द. सदाबहार. अढळ. हमेशा. दहा झाले. अकराव्या पेल्यावर त्यांचं नाव टाकलं आणि खाली लिहिलं, 'मामा, माझं चुकलं. – संगू'.

मामी म्हणाली, "हा घरी ठेव गं, लोक विचारतील."

म्हटलं, "विचारू दे. तेव्हाही लोकांसमोरच बोलले होते."

परवा पौर्णिमेला विहारात गर्दी होती. गावात नवी आलेली एक सून त्याच पेल्यानं पाणी पिता पिता थांबली, वळवून वाचलं आणि मलाच विचारलं, "मॅडम, ही संगू कोण?"

"मीच," म्हटलं, आणि तिच्याजवळ बसून तिला सगळं सांगितलं.