टोपल्यांचं माहेर

बांबूची टोपली विकत मिळते, असा जगातल्या यच्चयावत माणसांचा गैरसमज आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या मावशीकडे ती मागणी घालूनच मिळत असे. आंबागडाच्या पायथ्याशी आम्हा गोंडांची वस्ती आहे. तिथे बायकांच्या बचत गटाची एक शेड होती आणि शेडीच्या दारात पाय पसरून, मांडीवर कामट्या घेऊन ही बाई बसलेली असायची. बायको तिला मोठीमाय म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. गिऱ्हाईक आलं की ती आधी पाणी द्यायची आणि मग चौकशीला बसायची. टोपली कशाला हवी? घरात उंदीर आहेत का? ओलीत तर ठेवणार नाही ना? सून भांडी आपटते का? तुमसरचा एक दुकानदार या सरबत्तीला कंटाळून म्हणाला, "अहो बाई, पैसे देतो, टोपली द्या." मोठीमायने टोपली मागे सरकवली. "पैसेवाल्याच्याच घरी पोरीचे हाल होतेत जी," म्हणाली. बिचारा पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन आला, तेव्हा कुठे सोयरीक जमली.

टोपली म्हणजे तिच्या लेखी लेक. रिकामी टोपली ती कधीच कोणाच्या हातात देत नसे. निघताना तिच्यात मूठभर धान टाकायचं, काठाला हळदीचं बोट लावायचं आणि "मोडली त घेऊन या, माहेर हाय तिचं," असं सांगायचं. हे नुसतं सांगणं नव्हतं. लोक खरोखर वर्षा-दोन वर्षांनी टोपल्या घेऊन येत आणि ती त्या फुकट नीट करून देई. वर, सासरी किती सोसलंस ग, अशा नजरेने त्या टोपलीकडे पाही. एवढ्याने भागलं असतं तरी ठीक होतं. पण बाई टोपल्यांच्या सासरी चौकशीला जायची! अड्याळला एका लग्नात हिला मांडवामागे आपली टोपली दिसली, कांद्याच्या साली आणि चहाचा चोथा पोटात घेऊन बसलेली. मोठीमायने तो चोथा तिथेच अंगणात ओतला, टोपली हौदावर धुतली, डोक्यावर घेतली आणि न जेवता एस.टी. पकडली. नवरदेवाची आत्या मागे धावली, तर तिला खिडकीतून सांगितलं, "नांदवता नाही येत त मांगता कायले?"

मी वीजखात्यातला माणूस. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा ऑफिसातले अर्धेअधिक मित्र तिकडे गेले, मी भंडाऱ्यातच राहिलो आणि मोठीमायच्या पल्ल्यातही राहिलो. आमच्या घरच्या टोपलीत मी वायरची भेंडोळी, जुने होल्डर, उडालेले फ्यूज ठेवत असे. ती येणार असं कळलं की बायको ते सगळं पलंगाखाली लोटायची आणि टोपलीत घाईघाईने लसूण भरायची. मोठीमाय आल्या आल्या टोपलीला नाक लावायची. "जवाईबापू, हिले जळल्याचा वास काहून येऊन राहिला?" लाइनीत शॉर्टसर्किट कुठे झालं ते मला दिवसभर सापडत नसे. हिला माझी लबाडी उंबऱ्यातच सापडायची.

आता एवढ्या हट्टी बाईने बायका जमवून गट काढला तो काही हौसेखातर नाही. धानाची कापणी संपली की वस्तीत दरवर्षी मुकादमाची गाडी यायची आणि बायकांना मिरची तोडायला तेलंगणात घेऊन जायची. महिनोन्‌महिने घरं ओस पडायची, लेकरं म्हाताऱ्यांच्या गळ्यात. मोठीमायची धाकटी जाऊ, जिला सारा गाव लहानी म्हणे, ती तर दरवर्षीच जायची. परत यायची ती बोटं सोललेली आणि डोळे सुजलेले घेऊन. मोठीमायला टोपल्यांच्या जोरावर ती गाडी एकदा रिकामी परत पाठवायची होती. पण पोरींना उजवताना इतक्या अटी घालणाऱ्या घरी गिऱ्हाइकांची रीघ लागणार तरी कशी? मी एकदा हे बोलून दाखवलं. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

अशात नागपूरकडचा एक हॉटेलवाला माझ्या ओळखीने शेडीत आला. त्याला नव्या हॉटेलात प्रत्येक टेबलावर बांबूची टोपली उपडी टांगायची होती आणि आत दिवा. उपडी, म्हटल्यावर मोठीमायचा हात थांबला. धान सरल्यावरच टोपली उपडी ठेवतात, असं ती मानायची. पण कापणी संपत आली होती, मुकादमाची गाडी येण्यात होती. तिने एकवार लहानीकडे पाहिलं आणि हो म्हणाली.

मग तिने जन्मात विणली नसेल अशी एक टोपली विणली. ठरल्या दिवशी हॉटेलवाला पाहायला आला. शेडीची दारं लावली, खिडकीवर चादर टाकली, मी होल्डर बसवून बटन दाबलं. खाली जमिनीवर ताटाएवढा उजेड पडला. बाकी शेडीत कोणाचं तोंड कोणाला दिसेना.

"लाइट गेली का?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"लाइट आहे," मी खात्याच्या अब्रूखातर म्हणालो.

"मग भिंतीवर का नाही पडत?"

"कसा पडन जी!" अंधारातून मोठीमायचा अभिमानाने भरलेला आवाज आला. "राईचा दाना नाही जात त्यातून!"

दारं उघडली. हॉटेलवाला मऊ माणूस होता, पण त्याला विरळ विणलेली टोपली हवी होती, नाहीतर तो दुसरीकडे पाहणार होता. "विरळ त माह्या हातून मेल्यावरही नाही होनार," मोठीमाय म्हणाली. मग कोपऱ्यातून लहानी उठली आणि पदर खोचत हळूच म्हणाली, "मंग बाई, मुकादमाले हो सांगू न?"

इथे लहानीच्या विणकामाबद्दल सांगायला हवं. ते भयंकर होतं. ती टोपलीत धान घेऊन निघाली की मागे वस्तीतल्या कोंबड्या लागायच्या, कारण वाटभर दाणे सांडत जायचे. "ही टोपली हाय का मासोड्या धरायचं जाडं?" असं मोठीमाय तिला आल्यागेल्यासमोर म्हणायची आणि तिच्या टोपल्या शेडीबाहेर जाऊच द्यायची नाही. त्या मागच्या अंगणात पिल्लांवर झाकायला वापरत.

मोठीमाय लहानीकडे पाहत राहिली. मग ताडकन उठून मागच्या अंगणात गेली. तिकडे पिल्लांचा एकच कलकलाट झाला. ती लहानीची एक टोपली घेऊन आली आणि माझ्या पोटात खुपसत म्हणाली, "लावा हिच्यात."

पुन्हा दारं लागली, मी बटन दाबलं, आणि साऱ्या शेडीत उजेड सांडला. भिंतींवर, छपरावर, बायकांच्या लुगड्यांवर, हॉटेलवाल्याच्या टकलावर उजेडाचे दाणेच दाणे. हॉटेलवाला "हीच! हीच!" म्हणून टाळ्या पिटू लागला. बायका खिदळायला लागल्या. लहानी मात्र चोरी पकडल्यासारखी उभी होती. मोठीमायने वर पाहिलं, लहानीकडे पाहिलं, आणि सुस्कारा टाकला. "आता हिले मी उभ्या जन्मात काय बोलू, सांगा जवाईबापू!"

पुढचे दिवस मुद्दाम रजा काढून पाहण्यासारखे होते. लहानी मधोमध बसलेली, भोवती सगळ्या जणी, आणि मोठीमाय शिकाऊ पोरीसारखी तिच्या गुडघ्याशी. मोठीमायचा हात सवयीने कामटी दाबायचा. लहानी नम्रपणे सांगायची, "बाई, घट्ट झाली. उकला." मोठीमाय पुटपुटत उकलायची. उपड्या टोपलीत धान राहणार नाही, याचा मात्र तिला घोर लागला होता. शेवटी तिने प्रत्येक टोपलीच्या काठात धानाची एकेक लोंबी विणून टाकली. हॉटेलवाल्याला ते डिझाइन वाटलं. हॉटेल सुरू झाल्यावर ती अर्थातच चौकशीला गेली, मान वर करून टेबलाटेबलांमधून फिरली आणि जेवणाऱ्यांना "धूर नोका करू जी, काळी पडन," असं बजावून आली.

आणि मुकादमाची गाडी आली. मोहाच्या झाडाखाली उभी राहून हॉर्न वाजवत बसली. मोठीमायने मुकादमाला शेडीच्या दारात बसवलं, पाणी दिलं आणि चौकशीला सुरुवात केली. बाया ठेवता कुठी? ओलीत का कोरड्यात? दुखलं-खुपलं त कोन पाह्यते? इकडे लेकराले कोन जेऊ घालन? मुकादम "बघू, बघू" म्हणत उठला. आमच्या वस्तीतून गाडी त्या वर्षी रिकामी गेली, आणि पुढेही रिकामीच जात राहिली.

मोठीमाय जाऊन आता काही वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात आमच्या घरच्या टोपलीचं बूड फाटलं. मी म्हटलं, टाकून देऊ. बायको टोपली घेऊन एस.टी.त बसली, तर मीही मागोमाग गेलो. शेडीच्या दारात लहानी पाय पसरून बसली होती. ऐन मिरचीचे दिवस, आणि बाई घरी. बोटं धड, डोळे निवळ. तिने पाणी दिलं, टोपलीवरून हात फिरवला, आणि मोठीमायच्या त्या घट्ट विणीत आपल्या विरळ हाताचं ठिगळ बसवलं. मग मूठभर धान टाकून टोपली बायकोच्या हातात दिली.

बायको तिथेच रडायला लागली. "रडतेस कायले व पोरी," लहानी म्हणाली, "माहेर हाय न."

परतताना वाटेवर मी मागे वळून पाहिलं. ठिगळातून दाणे सांडत होते आणि कोंबड्या आमच्या मागे येत होत्या.