शेजारचा पट्टा

विमान उतरताना पाहायची आमच्या मास्तरांइतकी भीती साऱ्या पुण्यात कुणाला नसेल, आणि विमान उतरवायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवलंही नसेल. नारायण पेठेतून ते भल्या सकाळी स्कूटरवर शहराबाहेरच्या धावपट्टीवर यायचे. पोट एवढं, की छोट्या विमानात आधी ते चढायचं आणि मागून मास्तर. खुशीत असले की आम्हा विद्यार्थ्यांना 'तू', रागावले की थेट 'आपण'. माझं विमान पहिल्यांदा उतरताना आपटून उसळ्या मारत गेलं, तेव्हा शांतपणे म्हणाले, "आपण तीनदा उतरलात. त्यातलं कुठलं धरायचं?" जमीन जवळ आल्यावर घाबरून कुणी विमान झटकन टेकवायला दांडा पुढे लोटला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "घाई काय? खाली पानं वाढलीयेत का?" चाक मोडणारे, धावपट्टी सोडून ज्वारीत शिरणारे, सगळ्यांना त्यांनी या एका वाक्यावर माणसात आणलं.

विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडणार असला की मात्र मास्तर बदलत. स्वतः खाली उतरून रिकाम्या सीटचा पट्टा लावत आणि धावपट्टीकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहत. पूर्वी त्यांचा एक विद्यार्थी असाच एकटा उतरताना त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता. पुन्हा तसं झालं तर शिकवणं सोडायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. रिकामा पट्टा कुठे अडकू नये म्हणून सगळे तो आवळून बांधतात. मास्तर आपल्या पोटाच्या मापाने बांधत.

माझ्या वेळी मी म्हटलं, "सर, सैल आहे. आवळू?"

"राहू दे. श्वास घ्यायला नको का?"

मी हसलो. उतरताना हसू पळालं. चाकं आपटली, विमान उसळलं, आणि माझा हात दांडा पुढे लोटू लागला. तेवढ्यात शेजारून, अगदी कानाशी, आवाज आला, "घाई काय? खाली पानं वाढलीयेत का?" त्या विमानात रेडिओ नव्हता. हात थांबला, विमान अलगद टेकलं. इंजिन बंद केल्यावरही रिकाम्या सीटवरचा पट्टा संथपणे वरखाली होत होता.

मास्तर पाठमोरेच उभे होते, घामाने निथळत. मी सगळं सांगितलं. "मी इथून हललो नाही," ते म्हणाले. मग घाम पुसत, "बोललो होतो खरा." हा विषय आम्ही पुन्हा कधी काढला नाही.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. आता मी तिथेच शिकवतो. परवा एका मुलीला पहिल्यांदा एकटी सोडली. रिकाम्या सीटचा पट्टा चांगला आवळला आणि, काय करणार, मीही पाठ फिरवून डोळे मिटले. चाकं आपटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग हलकेच टेकल्याचा. मुलगी खाली उतरली ती पांढरीफटक.

"सर, रेडिओवर तुम्ही पानांचं काहीतरी म्हणालात. कसली पानं?"

माझ्या हातात रेडिओ नव्हता. ते वाक्यही मी कधी कुणाला ऐकवत नाही; माझ्या तोंडी ते शोभत नाही. आत वाकून पाहिलं. मी आवळलेला पट्टा वीतभर सैल झाला होता. खरं तर भीती वाटायला हवी होती, पण मला मास्तरांची इतकी आठवण आली की डोळे भरून आले. पट्टा सोडवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बसलेल्या माणसाला उठवायचं कशाला?