आधी शेवट सांगा

"आधी शेवट सांगा. मग मी निवांत ऐकते."

आमच्याकडे कामाला येणाऱ्या भाभींचं हे ठरलेलं होतं. कुणाच्या मुलीचं लग्न जमल्याची हकीकत असो नाहीतर पालीच्या बाजारातलं भांडण, हातातलं काम थांबवून त्या आधी हेच म्हणायच्या. शेवट बरा आहे असं कळलं की त्यांचे खांदे खाली यायचे आणि हात पुन्हा चालू लागायचे. गोष्टीपेक्षा गोष्टीची धास्ती जास्त असलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

रत्नागिरीत आमची आंबापोळीची शेड आहे. कोणी काय करायचं ते रोज सकाळी मी फळ्यावर लिहिते. भाभींच्या नावापुढे कायम एकच शब्द असायचा: थर. ताटात आंब्याचा रस पातळ पसरायचा, उन्हात वाळू द्यायचा, तो वाळला की वर दुसरा थर. घाई केली तर आतला ओला राहतो आणि सगळी पोळी वाया जाते. भाभींना घाई नसायची. नवरा आखातात, मुलगी दापोलीला शेतकी शिकायला. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं.

त्या दिवसांत शेडमधल्या सगळ्याजणी एकच मालिका बघायच्या. त्यातला नवरा परदेशी नोकरीला गेलेला, बायको मागे घर सांभाळते. शेवटच्या भागात तो कायमचा परत येतो. ती पाहुण्यांसाठी राखलेला कप काढते, त्यातून त्याला चहा देते आणि काही न बोलता आत जाते. संपली मालिका.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दोन तट पडले.

"बरं केलंन. इतकी वर्षं कुठे होता?"

"बरं काय त्यात? घरच्या माणसाला पाहुणा करून टाकलंन."

लेखकाला मालिका गुंडाळायची घाई झाली असेल, असं माझं मत होतं. भाभी मात्र कधी नव्हे त्या तडकल्या. "तिचं चुकलं. असंच करायचं होतं, तर थांबली कशाला?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. नोकरी संपली होती. तो कायमचा घरी येणार होता. आम्ही पेढे मागितले. भाभी हसल्या, पण दुपारी ताटं उन्हात ठेवताना मला म्हणाल्या, "ताई, तिने तो कप मुद्दाम दिला असेल, की हाताला तीच सवय होती?"

"कोणी?"

"मालिकेतली हो."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याही घरी सोनेरी काठाचे कप होते. नवऱ्यानेच पहिल्या सुट्टीत आणलेले. तो आला की ते खाली यायचे, गेला की पुसून वर जायचे. "सुट्टीत सगळं ठरलेलं असतं. दावती, पाहुणे, परत बॅग भरायची. भांडायलासुद्धा सवड नाही. आता हा माणूस पावसाळाभर घरात बसणार. मी त्याच्याशी बोलू काय?"

"विषयांची यादी करा," मी म्हटलं. मला दुसरं काय सुचणार?

"नको गो ताई. तुम्ही मला फक्त शेवट सांगा."



नवरा आला. भाभी पूर्वीपेक्षा लवकर कामावर येऊ लागल्या आणि उशिरा निघू लागल्या. एकदा त्यांनी ओल्या थरावरच रस ओतला. माझ्याही ते लक्षात आलं आणि त्यांच्याही.

"मी चहा दिला की तो थँक्यू म्हणतो, ताई," त्या ताटाकडे बघत म्हणाल्या. "बायकोला कोणी थँक्यू म्हणतं?"

मग त्या दापोलीला गेल्या. मुलीची परीक्षा आहे, तिला डबा करून द्यायचाय, असं सांगून. परीक्षा संपली, आंब्याचा हंगाम संपत आला, तरी परतल्या नाहीत. त्यांच्या नावापुढची जागा मी रोज कोरी सोडत होते. शेवटी आंबापोळीचं पुडकं घेऊन त्यांच्या घरी गेले.

नवऱ्याने दार उघडलं. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट. "या ताई, बसा." त्यांनी स्वतः चहा केला, गोडमिट्ट. दोन कप आणले, दोन्ही सोनेरी काठाचे.

"भाभी कधी येणार?"

"बघते म्हणते. रोज फोन करते. बाकी काही नाही, एकच विचारते, चहा कुठल्या कपातनं घेतला." त्यांनी आवाज खाली आणला. "फुटतील म्हणून घाबरत असेल. मी जपूनच धुतो."

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मी हात घालत नाही. पण त्या घरी चहा मी खूपदा घेतला होता. ओट्याखालच्या फळीवर भाभींचा रोजचा निळा कप पालथा होता, कान तुटलेला. तो विसळला आणि भाभींच्या नवऱ्याच्या कपातला चहा त्यात ओतला.

त्यांनी कप फिरवून पाहिला. "हा तर तुटलाय."

"भाभी ह्यातनंच पितात."

"मला कधी दिसला नाही," ते म्हणाले आणि तो दोन्ही हातांत धरून बसले.

मी पायरीवर चपला घालत होते तेव्हा आत फोन वाजला. मग त्यांचा आवाज आला, "निळ्यातनं. तुझ्या."

त्यानंतर आतून काहीच ऐकू येईना. फोन ठेवल्याचंही नाही. चपला घालून झाल्या तरी मी पायरीवर उभीच होते.