आला ऑर्मीच्या वाटेनं!

आमच्या वारिंगलमध्ये कुणी सरळ काम आडवळणानं केलं की लोक हसून म्हणतात, "आला ऑर्मीच्या वाटेनं!" परवा शहरातून एक व्याख्याते आले होते. त्यांनी हे कुठंतरी ऐकलं आणि भर सभेत टेबलावर हात आपटला. "मित्रांनो, फाटक बंद दिसलं तरी अडू नका, कुंपण ओलांडा! हीच ऑर्मीची शिकवण!" लोकांनी टाळ्या पिटल्या. मी उठून बाहेर आले. शिकवण म्हणे, डोंबलाची! ऑर्मीनं फाटकातून जाणं का सोडलं ते मला विचारा.

ऑर्मी म्हणजे ऑर्मंड टिलर, आमचा शेजारी, मेंढ्यांची लोकर कातरणारा. चाळीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात कामाला जाताना त्याला आमच्या रानातलं फाटक उघडं दिसलं. दुसऱ्याचं फाटक दिसेल तसं ठेवायचं, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. पण आम्ही लग्नाला गेलोय, चुकून उघडं राहिलं असेल, असं वाटून त्यानं ते लावलं. बाबांनी ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं, कारण पाण्याची टाकी पलीकडे होती. पाच दिवसांनी आम्ही परतलो, तेव्हा तीनशे मेंढ्या फाटकाशी मरून पडल्या होत्या.

बाबा त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. नुसते खचले, आणि दोन वर्षांत गेले. त्यांना पुरलं त्या दिवशी मीच ऑर्मीला म्हणाले, "पुन्हा आमच्या फाटकाला हात लावायचा नाही."

आमच्याच काय, त्यानं कुणाच्याच फाटकाला पुन्हा हात लावला नाही. चर्चमध्येसुद्धा ठेवणीतल्या कपड्यांत कुंपणावरून जायचा. लोकांना काय, आयती करमणूक. दर रविवारी माझ्याकडे अंडी घेऊन यायचा, तोही तारांवरूनच.

"मर्टल, अंडी ठेवलीत गं."

"ठेव आणि जा."

गेल्या हिवाळ्यात तो एक्याऐंशीचा झाला. तारेवर पाय टाकताना थरथरायचा. मी खिडकीतून बघायची. "फाटकातून ये की रे, ऑर्मीकाका," एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं हो! म्हटलं, पुढच्या रविवारी बोलू.

पुढच्या रविवारी तो तारेवरून पडला. मी धावत गेले. खुबा मोडला होता.

"अंडी फुटली गं, पोरी."

"खड्ड्यात गेली अंडी! फाटकातून का नाही आलास?" मी रडत ओरडले.

"तू म्हणाली नाहीस ना."

नवव्या दिवशी तो दवाखान्यातच वारला.

आता माझं फाटक सताड उघडं असतं. मेंढ्या रस्त्यावर जातात, शेजारी करवादतात, "मर्टल, फाटक लाव की!" मी लावत नाही. रविवारी तर मुळीच नाही.