उघड्या बॉनेटमागचे तीन ठोके

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण बसलेला नाही. मी फिजिक्सचा माणूस. असोद्याच्या आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिलाच. हे मी अभिमानाने सांगतो, कारण ते सोपं नव्हतं. आई दुसऱ्यांच्या मळ्यात केळीचे घड वाहायची. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या मालकाकडे ड्रायव्हर. घर एका खोलीचं. मालक कुठे लग्नाला, बैठकीला गेले की आबा बाहेर गाडीत बसून राहायचे आणि मी मागच्या सीटवर अभ्यास करायचो. माझं निम्मं बी.एस्सी.-एम.एस्सी. त्या सीटवर झालंय.

पुढे मालकांनी नवी गाडी घेतली आणि ही जुनी आबांना देऊन टाकली. तिला एक खोड होती. चावी फिरवली की नुसतं 'टक्'... बस. सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, फिरायचाच नाही. मग आबा बॉनेट वर करून मागे उभे राहायचे, हातात पाना, आणि मी चावीवर.

"चाबी धरून ठेव रे. मी म्हनत नाही तोवर सोडू नको."

ठक् ठक्... थोडं थांबून एक जोरात... ठक्. दोन हळू, एक जोरात, हा त्यांचा ठरलेला हिशेब. तिसऱ्या ठोक्याला गाडी सुरू. मला सीटवरून आबा कधी दिसायचे नाहीत, समोर फक्त उघडं बॉनेट.

कॉलेजात शिकल्यावर मी एकदा त्यांना समजावलं, "आबा, मोटरला करंट देणारे आतले कार्बन झिजलेत. ठोकून काय होतं? सेल्फ खोलून कार्बन बदलायला पाहिजेत."

"ते खरंच आसीन," आबा म्हणाले. "पन आता भुसावळले जाचं हाये, त्याचं काय? हे काम दोन जनाचं हाये बापा. एक चाबीवर, एक सेल्फवर."

आबा हिवाळ्यात गेले. हे साल साधारण नव्वद-एक्क्याण्णव. त्यानंतरच्या मे महिन्यात मला धुळ्याच्या एका कॉलेजात लेक्चररच्या जागेसाठी मुलाखतीचं पत्र आलं. वेळ दुपारी तीन. त्याआधी तीन ठिकाणी मला नाही म्हटलेलं होतं, आणि आईचे गुडघे आता घड उचलू देत नव्हते. सरळ एस.टी.ने जायचं सोडून मी गाडी काढली. आबांच्या गाडीतून त्या कॉलेजच्या दारात उतरायचं होतं मला. कार्बन तेवढे बदलायचे राहिले होते... बाकी सगळ्या जगाला मी ते बदलायला सांगायचो.

हायवेवरच्या ट्रकांची कटकट नको म्हणून धरणगाव, अमळनेरवरून निघालो. अमळनेर मागे पडल्यावर रेडिएटर तापला. एका निंबाखाली थांबलो, गाडी बंद केली, पाणी ओतलं. परत चावी फिरवली.

टक्.

लाइट लावून पाहिले, लख्ख. हॉर्न खणखणीत. म्हणजे बॅटरी ठीक. तरी टर्मिनल खरवडले, अर्थिंगची वायर आवळली. टक्. बॉनेटमध्ये वाकून सेल्फ ठोकला, पळत येऊन चावी फिरवली. टक्. ठोका आणि चावी एकाच वेळी पाहिजे, आणि मी एकटा. सव्वा वाजला होता.

तेवढ्यात एक म्हातारे बाबा बकऱ्या घेऊन आले.

"काय व्हयनं भाऊ? धक्का मारू का?"

"नको बाबा. मला समजतं यातलं," मी म्हणालो. टाय लावलेला होता ना.

"बरं, बरं. समजस तर मंग काय," असं म्हणत ते बकऱ्यांमागे निघून गेले. त्यांना चावी धरायला सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं.

मग अर्धा तास कोणी नाही. नुसतं ऊन. आबा गेल्यावर घर भरलेलं होतं, नातेवाईक होते, रडणं झालं. पण दुसरा माणूस नाही म्हणजे काय, ते मला त्या रस्त्यावर कळलं. पाना रेडिएटरच्या पट्टीवर ठेवला, सीटवर येऊन बसलो आणि काहीच सुचेना म्हणून चावी फिरवून तशीच धरून ठेवली.

टक्.

आणि बॉनेटच्या मागून... ठक् ठक्... ठक्.

गाडी सुरू झाली.

मी लगेच उतरलो नाही. भीती वाटली म्हणून नाही. उतरलो असतो तर तिथे कोणी नाही हे दिसलं असतं, म्हणून. तेवढा वेळ मी त्या उघड्या बॉनेटकडे पाहत बसलो, आबा असताना बसायचो तसा.

मग उतरलो. कोणी नव्हतं. पाना मी ठेवला होता तिथेच, तापलेला. धुळीत माझ्याच बुटांचे ठसे.

पुढे किलोमीटरभरावर बकऱ्या दिसल्या. इंजिन चालू ठेवूनच विचारलं, "बाबा, तुम्ही मागे आला होता का गाडीपाशी?"

"मी कसाले येसू? तुम्हीच नको म्हणनात. ठोकाना आवाज उना मले एवढ्या लांब. म्हणं, साहेब ठोकी ऱ्हायना."

म्हणजे ठोके त्यांनीही ऐकले होते; मलाच भास झाला, असं म्हणता येत नाही. मी बराच विचार केलाय. पत्रा तापून वाजतो, कार्बन आपोआप बसतो, हे सगळं मी मुलांना शिकवू शकतो. पण पत्रा दोन हळू आणि एक जोरात असा वाजत नाही. याचं उत्तर कोणाकडे असेल तर कळवा.

घरी आल्यावर आईला तेवढं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "चाबी तू धरेल होती ना? मंग झालं."

त्या दिवशी मी पावणेतीनला धुळ्यात पोचलो. निवड झाली. जूनपासून शिकवायला लागलो, आणि आईने त्यानंतर केळीचा घड उचललेला नाही.