कणगीमागची डबी

लग्न जमवताना माझा दमा कुणी सांगितलाच नाही. त्यांनी विचारलं नाही, आपण बोललो नाही, असं आईचं म्हणणं. सासरी शेवगावला निघताना तिनं लुगड्याच्या घडीत एक पितळी डबी दडवली आणि बजावलं, कळलं तर परत धाडतील हो.

डबीत तालीसपत्राचं चूर्ण होतं. तालीसपत्र म्हणजे तिकडे हिमालयात वाढणाऱ्या एका उंच झाडाची बारीक पानं. आमच्याकडे सगळ्या बाभळी नि लिंब, ते झाड काही मी जन्मात पाहिलं नाही. पण वैद्यांनी सुंठ, पिंपळी, खडीसाखर घालून दिलेली चिमूट मधातून चाटली की छाती मोकळी व्हायची, एवढं खरं. डबी मी ज्वारीच्या कणगीमागे ठेवली नि चोरून चाटू लागले. गोड लागायचं मेलं, खोकला नसतानाही चाटायची!

पहिली नागपंचमी माहेरी करायची, पण प्रवरेला पूर आला आणि मी अडकले. दुपारी अंगणात बायका जमल्या. सासूबाई फुगडीत नावाजलेल्या, त्यांनी माझेच हात धरले. वीसेक गिरक्या झाल्या नि माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली. संपलं सगळं, म्हटलं. हात सोडवून मी तडक कणगीकडे पळाले.

डबी उघडते तोच मागे सासूबाई. त्यांनाही धाप लागली होती. त्यांनी डबी घेतली, चिमूटभर जिभेवर टाकलं.

"पिंपळी जास्त झालीय," त्या म्हणाल्या.

मग कणगीच्या दुसऱ्या बाजूला हात घालून त्यांनी स्वतःची डबी काढली. त्यांच्या आईनंही तसंच बजावलं होतं. बावीस वर्षं मामंजींना पत्ता नाही, दर दिवाळीला भाऊ गुपचूप पुडी आणून देतो, म्हणाल्या. आम्ही दोघी तिथंच बसून खोकत खोकत हसलो. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं.

पंधरा दिवसांनी मामंजी कचेरीच्या कामाला नगरला जाऊन आले. पिशवीतून तालीसपत्राच्या चूर्णाच्या दोन पुड्या काढून त्यांनी फडताळात ठेवल्या. सासूबाईंनी घाबरत विचारलं, हे काय आणलंत?

"दर वर्षी एक पुडी तुझ्या भावाच्या हाती देत आलो," मामंजी म्हणाले. "यंदा दोन लागणार, म्हटलं, सरळ घरीच न्याव्यात."

सासूबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. त्या दिवशी घरातली नवी नवरी मी नव्हते, त्याच होत्या.